समोर मुरलेले खेळाडू आणि आपला तिसरा आठवडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: तीन आठवड्यांपूर्वी पाच विरुद्ध पाच असा नेमबाजीचा ऑनलाइन गेम सुरू केला. साठेक मॅच झाल्या, त्यातल्या जेमतेम पंधरा जिंकल्या. समोर वर्षानुवर्षं खेळलेले लोक येतात, ते दिसायच्या आधीच आपण मेलेलो असतो. मॅचमेकिंग (कुणासमोर कोण येणार हे ठरवणारी गेमची यंत्रणा) मुद्दाम असं करतं का? आणि दोन हजार तास खेळलेला एक मित्र म्हणतोय, "मी नवीन अकाउंट काढतो, तुझ्या टीममध्ये येतो." त्याला हो म्हणावं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: नको म्हणा. मित्राचा हेतू चांगलाच आहे. मीही एकदा नेमकं हेच केलं होतं आणि ज्याच्यासाठी केलं त्याचाच खेळ सुटला. ती गोष्ट पुढे येईल, पण ते का घडलं हे कळायला आधी मॅचमेकिंग आतून कसं चालतं ते बघायला हवं. मी सतरा वर्षं नेमबाजीचे आणि स्ट्रॅटेजीचे गेम स्पर्धेच्या पातळीवर खेळतेय. मध्ये काही वर्षं एका लहानशा गेमच्या टीममध्ये मॅचमेकिंगचंच काम केलं. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन झाल्या आहेत.

या सगळ्या पद्धतींचं मूळ बुद्धिबळात आहे. अर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. त्यांची रेटिंगची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने १९६० मध्ये स्वीकारली आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये. तिचा गाभा अगदी साधा आहे. दोघांच्या रेटिंगमधला फरक म्हणजे निकालाचं भाकीत. फरक २०० असेल तर वरचा खेळाडू शंभरातले साधारण ७६ गुण घेईल, ४०० असेल तर ९१, ८०० असेल तर ९९. मॅच झाली की भाकीत किती चुकलं त्या प्रमाणात दोघांचे आकडे सरकतात. हरण्याच्याच मॅचमध्ये हरलात तर फारसं काही जात नाही.

हे सगळं ठीक चालतं, पण ज्याचा एकही निकाल हाती नाही त्याचं काय करायचं? मार्क ग्लिकमन यांनी १९९५ मध्ये ग्लिको पद्धत आणली ती यासाठीच. तिच्यात रेटिंगसोबत आणखी एक आकडा असतो: आपला अंदाज कितपत भरवशाचा आहे, याचा. नव्या खेळाडूला १५०० रेटिंग आणि ३५० इतकी अनिश्चितता. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्ससाठी बनवलेल्या ट्रूस्किलमध्येही तेच: सुरुवातीचा अंदाज २५, अनिश्चितता ८.३३. पडद्यावर दाखवताना मात्र अंदाजातून अनिश्चिततेची तिप्पट वजा करतात, म्हणजे २५ वजा २५, म्हणजे शून्य. यातली गंमत लक्षात घ्या. तुम्हाला दिसतं शून्य, पण आतमध्ये यंत्रणा तुम्हाला मधलाच खेळाडू धरून चाललेली असते. ‘माहीत नाही’ म्हणजे ‘मधला’, असा तिचा हिशेब.

आणि मधला म्हणजे कोण? गेम नुकताच आलेला असेल तर मधलाही तुमच्यासारखाच धडपडत असतो. पण काउंटर-स्ट्राइकची सुरुवात १९९९ ची, लीग ऑफ लेजंड्स २००९ चा, डोटा २ हा २०१३ चा. इतक्या वर्षांत ज्यांना जमलं नाही, आवडलं नाही, ते सोडून गेले. उरले ते चिवट लोक. जुन्या गेममधला मधला खेळाडू पंधराशे तास खेळून मधला झालेला असतो, आणि तळाला असणाऱ्यांनाही सगळे मॅप तोंडपाठ असतात. तुम्हाला भेटले ते दिग्गज नव्हेत. ते त्या गेममधले सामान्य लोक आहेत. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

आता तुमच्या साठ मॅचकडे या. एखाद्या खेळाडूची पातळी ओळखायला किमान किती मॅच लागतील याचा हिशेब ट्रूस्किल बनवणाऱ्यांनी स्वतःच मांडला होता. एकास एक खेळात साधारण १२. चार विरुद्ध चारमध्ये ४६. आठ विरुद्ध आठमध्ये ९१. कारण उघड आहे: टीम जिंकली की हरली एवढंच यंत्रणेला दिसतं, आणि त्या एका निकालातून आठ-दहा जणांबद्दलचे अंदाज सुधारायचे असतात. तुम्ही चांगलं खेळून हरलात काय किंवा कोपऱ्यात बसून जिंकलात काय, तिला फरक कळत नाही. काही गेम आता वैयक्तिक कामगिरीही थोडीफार धरतात, पण त्यालाही मर्यादा आहेत. किल मोजले की लोक किलच्या मागे लागतात आणि टीमचा विचार सोडतात, हे मी आमच्या गेममध्ये डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा पाच विरुद्ध पाचमध्ये साठ मॅचनंतर यंत्रणेला तुमचा अंदाज आत्ता कुठे यायला लागलाय. साठातल्या पंधरा जिंकल्या याचा अर्थ ती तुम्हाला खाली आणतेय, आणि अजून पुरतं आणून झालेलं नाही. शेवटच्या वीस मॅच वेगळ्या काढून बघा. त्यांत सात-आठ जिंकल्या असतील तर घसरण थांबत आली आहे. पुढे जिंकण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास येऊन थांबेल. यंत्रणा नीट चालली असेल तर जगज्जेत्याचा अपवाद वगळता सगळ्यांचंच तिथे येऊन थांबतं.

मुद्दाम करतात का, हा संशय मी हसण्यावारी नेणार नाही. खेळाडूला गेममधल्या वस्तू विकत घ्याव्याशा वाटतील अशा जोड्या लावण्याच्या पद्धतीचं पेटंट ॲक्टिव्हिजन या गेम कंपनीला २०१७ मध्ये मिळालं आणि मोठा गदारोळ झाला. ते कुठल्याही गेममध्ये वापरलेलं नाही, असं कंपनीने तेव्हा सांगितलं. पण नवशिक्याला मुरलेल्यांच्या तोंडी देऊन कुणाचा फायदा होत नाही. याच कंपनीने २०२४ च्या सुरुवातीला मॉडर्न वॉरफेअर ३ या आपल्या नेमबाजीच्या गेममध्ये उलटा प्रयोग केला. उत्तर अमेरिकेतल्या काही खेळाडूंसाठी जोड्या लावताना कौशल्याला दिलेलं महत्त्व कमी केलं. त्याच वर्षी निकाल प्रसिद्ध झाले. एकतर्फी मॅच वाढल्या, मॅच अर्ध्यात सोडणारे वाढले, आणि सर्वांत वरचे दहा टक्के सोडले तर बाकी नव्वद टक्के लोकांचं गेमकडे परत येण्याचं प्रमाण घसरलं. "कौशल्य बघून जोड्या लावणं बंद करा, आम्हाला निवांत खेळू द्या" अशी मागणी कोण करतं ते यावरून कळतं. निवांत कुणाला वाटणार आणि ते कुणाच्या जिवावर, हा हिशेब त्या मागणीत नसतो.

मग तुम्ही का मरता, आणि तेही समोरचा दिसायच्या आधी? नवीन लोकांना वाटतं समोरच्याचा हात वेगवान आहे. हात थोडा वेगवान असतोही, पण खरा फरक तिथे नाही. चेस आणि सायमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये बुद्धिबळपटूंवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली तर निष्णात खेळाडू ती नवशिक्यापेक्षा कितीतरी अचूक पुन्हा मांडायचे. सोंगट्या कशाही विस्कटून ठेवल्या की मात्र दोघांतला फरक जवळजवळ पुसला जायचा. म्हणजे स्मरणशक्ती दोघांची सारखीच. एकाला ओळखीच्या आकृत्या दिसतात, दुसऱ्याला सुट्या सोंगट्या.

नेमबाजीच्या गेममध्ये या आकृत्या फार साध्या असतात. मुरलेला खेळाडू चालतानाच क्रॉसहेअर (पडद्यावरची नेम धरायची खूण) डोक्याच्या उंचीवर आणि पुढच्या कोपऱ्याच्या कडेला धरून चालतो. तुम्ही दिसलात की त्याला फक्त बटण दाबायचं असतं. तुमचा क्रॉसहेअर जमिनीकडे असतो, म्हणजे तुम्हाला आधी तो वर आणायचा, मग बाजूला न्यायचा, मग बटण दाबायचं. तीन कामं विरुद्ध एक काम. तुमचा हात त्याच्यापेक्षा चपळ असला तरी तुम्हीच मरणार. त्यात बऱ्याच गेममध्ये धावताना मारलेली गोळी भलतीकडे जाते. तो गोळी मारण्याआधी क्षणभर थांबतो, तुम्ही थांबत नाही. तुमच्या पावलांचा आवाज त्याने आधीच ऐकलेला असतो. आणि मॅच सुरू होऊन वीस सेकंद झाली म्हणजे या दाराशी कुणीतरी पोचलेलं असणार, हे त्याला घड्याळाकडे न बघता ठाऊक असतं.

स्ट्रॅटेजी गेममध्ये हेच आणखी निष्ठुर असतं, कारण तिथे लढाई सुरू होण्याआधीच निकाल लागलेला असतो. पाचव्या मिनिटाला नवशिक्याचं मुख्य केंद्र रिकामं बसलेलं असतं, नवे कामकरी तयार होत नसतात, आणि त्याचं सगळं लक्ष दोन शिपायांच्या चकमकीकडे लागलेलं असतं. समोरचा चकमक हरतो आणि दहाव्या मिनिटाला दुप्पट सैन्य घेऊन येतो. नवशिक्याला वाटतं, याच्याकडे एवढं सैन्य आलं कुठून!

उलट बाजूही सांगून टाकते, कारण ती ऐकून नवशिक्यांना मजा वाटते. मुरलेला खेळाडू आकृत्यांवर चालतो, त्यामुळे आकृतीत न बसणारं काही समोर आलं की तो दचकतो. फायटिंग गेममध्ये जिथे कुणीही शहाणा माणूस बचाव करेल तिथे नवशिका बेधडक बटणं बडवत सुटतो, आणि पहिल्या राउंडला भलाभला खेळाडू त्यात सापडतो. हे फक्त पहिल्याच राउंडला चालतं. दुसऱ्या राउंडपर्यंत त्याने तुमची बडवाबडवीही ओळखलेली असते.

तर करायचं काय? एक मॅच, एक गोष्ट. आजच्या सगळ्या मॅचमध्ये क्रॉसहेअर डोक्याच्या उंचीवर ठेवायचा, बाकी सगळं चुकलं तरी चालेल. जिंकणं-हरणं मोजायचं नाही, क्रॉसहेअर जमिनीकडे गेला असताना किती वेळा मेलो ते मोजायचं. चार-पाच दिवसांनी पुढची गोष्ट घ्यायची, गोळी मारण्याआधी थांबायची. मी शिकवलेल्या लोकांत ज्यांनी एका वेळी पाच गोष्टी सुधारायला घेतल्या ते दोन आठवड्यांत वैतागून गेले.

दुसरं, रिप्ले, म्हणजे झालेल्या मॅचचं रेकॉर्डिंग. गेममध्ये सोय असेल तर हरलेली मॅच ज्याने तुम्हाला मारलं त्याच्या नजरेने बघा. नवशिके स्वतःच्याच चुका बघत बसतात, आणि चुका काय, शंभर सापडतात. समोरच्याच्या पडद्यावर तुम्ही कधी दिसायला लागलात, त्याला तुमचा सुगावा कशावरून लागला, हे बघितलं की एका मरणात एकच धडा सापडतो आणि तो लक्षात राहतो. पूर्ण मॅच बघू नका, तीन मरणं पुरे. लागोपाठ तीन मॅच हरलात तर त्या दिवसापुरतं उठा. चौथी मॅच तुम्ही खेळत नसता, तुमचा राग खेळत असतो.

बॉटबद्दल, म्हणजे संगणकच चालवत असलेल्या खेळाडूंबद्दल, एक सावधगिरी. फोर्टनाइटने २०१९ मध्ये मॅचमध्ये बॉट आणले, नव्यांना सुरुवात सोपी जावी म्हणून. इतरही काही गेममध्ये तसं आहे. सुरुवातीच्या मॅच सहज जिंकून मग अचानक भिंतीवर आपटल्यासारखं झालं असेल, तर तुम्ही बिघडलेला नाही आहात. माणसं यायला लागली आहेत, इतकंच.

आता स्मर्फ. तुमच्या प्रश्नात हा शब्द नाही, पण मित्र जे करायला निघालाय त्याचं नाव हेच. हा शब्द १९९६ च्या सुमारास वॉरक्राफ्ट २ मधून आला. दोन खेळाडू इतके गाजलेले होते की त्यांचं नाव दिसलं की लोक मॅच सोडून जायचे. मग त्यांनी स्मर्फ कार्टूनमधली नावं घेऊन खेळायला सुरुवात केली. म्हणजे तेव्हा अडचण खरी होती, त्यांच्याशी खेळायलाच कुणी तयार नव्हतं. आज ती अडचण मॅचमेकिंगने सोडवलेली आहे, वेष बदलण्याची हौस मात्र उरली. कुणाला स्वतःची रँक घसरायची भीती, कुणाला प्रेक्षकांसमोर धुव्वा उडवून दाखवायचा असतो, कुणी अकाउंट वर नेऊन विकतं. खूप वरच्या रँकवरचे काही जण म्हणतात की आम्हाला अर्धा-अर्धा तास मॅच मिळत नाही. तेवढ्यापुरती मला सहानुभूती आहे. बाकीच्यांबद्दल नाही. आपण मोठे असून लहानांच्या डावात शिरायचं आणि तेही मोठेपण लपवून, हा रडीचाच डाव.

कंपन्या यावर हातपाय मारत असतात. रँकच्या मॅचसाठी लीग ऑफ लेजंड्समध्ये लेव्हल ३० लागते, व्हॅलोरंटमध्ये २०, डोटा २ मध्ये शंभर तासांचा खेळ आणि फोन नंबर. सप्टेंबर २०२३ मध्ये डोटा २ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्या गेममधली ९०,००० स्मर्फ अकाउंट बंद केली आणि ती ज्यांची होती त्यांच्या मुख्य अकाउंटपर्यंत माग काढल्याचंही सांगितलं. तुमच्या मित्राने हे वाचलेलं बरं.

पण तुम्हाला मारणारा प्रत्येक जण स्मर्फ नसतो. नवशिके हा आरोप फार सहज करतात. एखाद्या मॅचमध्ये तीस किल केले यावरून काहीच सिद्ध होत नाही, सगळ्यांचाच एखादा दिवस तसा असतो. कमी लेव्हलचा माणूस दुसऱ्या नेमबाजीच्या गेममध्ये हजार तास घालून आलेला असू शकतो. त्याचं कौशल्य खरं आहे, अकाउंटही खरं आहे, यंत्रणेला अजून तो कळलेला नाही. तुमच्याबद्दल तिची जी चूक झाली तीच, उलट्या दिशेने. संशय घ्यायचाच तर विचित्र नमुन्यावर घ्या: पंधरा मॅच एकतर्फी जिंकल्या, मग दहा मॅच पहिल्याच मिनिटाला उघड्यावर उभं राहून मरत हरल्या, मग पुन्हा पंधरा जिंकल्या. रँक खाली ठेवायला मुद्दाम हरणाऱ्याचा इतिहास असाच दिसतो. तिथे रिपोर्ट करा.

आता माझी गोष्ट. माझ्या धाकट्या मावसभावाला माझ्यासोबत खेळायचं होतं. माझ्या मुख्य अकाउंटवरून त्याला टीममध्ये घेतलं तर समोर माझ्याच तोडीचे येणार, म्हणून मी नवं अकाउंट काढलं. पहिल्या आठ-दहा मॅच आम्ही धडाधड जिंकलो. तो खूश, मीही खूश. पण यंत्रणेला एवढंच दिसत होतं की ही टीम जिंकतेय. तिने आम्हा दोघांनाही वर ढकललं. विसाव्या मॅचपर्यंत समोर असे लोक आले की मला घाम फुटायला लागला, आणि तो तर प्रत्येक राउंडला सगळ्यांत आधी मरून उरलेला वेळ माझा पडदा बघत बसायचा. मग एक दिवस मी नसताना तो एकटा खेळला. रँक माझ्या जोरावर मिळालेली, त्यामुळे त्याचे स्वतःचेच भिडू त्याला विचारायला लागले, "हे अकाउंट विकत घेतलंस का?" त्याने गेम काढून टाकला. पुन्हा कधी घातला नाही. ज्यांना आम्ही त्या आठ-दहा मॅचमध्ये चिरडलं, त्यांचं काय झालं ते मला कधी कळणारही नाही.

माझंही नुकसान झालं, हे मित्राला जरूर सांगा, कदाचित त्याला ते जास्त पटेल. नवशिक्यांसमोर तुम्ही कसेही उघड्यावर गेलात तरी शिक्षा होत नाही. तीन आठवड्यांनी मी मुख्य अकाउंटवर परतले तेव्हा प्रत्येक कोपऱ्यावर फाजील धिटाईने डोकं काढत होते आणि प्रत्येक वेळी मरत होते. ती सवय जायला महिना गेला.

मला तेव्हा कळायला हवं होतं ते गो हा पटावरचा जुना खेळ खेळणाऱ्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. गोमध्ये पातळीत फरक असेल तर कमजोर खेळाडू डाव सुरू होण्याआधीच पटावर जादा सोंगट्या ठेवतो, दोनपासून नऊपर्यंत. बुद्धिबळातही बलवान खेळाडूने वजीर किंवा घोडा काढून ठेवून खेळायची जुनी रीत आहे. आपल्याकडचा लिंबूटिंबू काय वेगळा? फरक तेवढाच असतो, पण तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवलेला असतो, म्हणून कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही. स्मर्फ नेमका तोच फरक लपवतो.

तेव्हा मित्राला सांगा, नवं अकाउंट नको, खासगी लॉबी उघड, म्हणजे फक्त बोलावलेल्यांनाच येता येईल अशी मॅच. दोघंच असाल तरी चालेल. त्याच्याकडे फक्त पिस्तूल, तुमच्याकडे काहीही. त्याची जागा दर दहा सेकंदांनी त्याने बोलून सांगायची. ज्या राउंडला तुम्ही मराल, त्यानंतर त्याने एकच वाक्य बोलायचं: तुम्ही त्याला कशावरून सापडलात. जास्त नाही. मुरलेल्या लोकांना बोलायला लागलं की थांबता येत नाही, माझ्या या उत्तरावरून ते तुमच्या लक्षात आलंच असेल. आणि गुपचूप सोडून खेळू नकोस, हेही बजावा. समोरचा मुद्दाम नेम चुकवतोय हे नवशिक्याला कळतं, आणि ते हरण्यापेक्षा जास्त झोंबतं. सवलत द्यायची ती ठरवून, उघड द्यायची आणि मग जीव तोडून खेळायचं.

रँकच्या मॅच तुम्ही एकटे खेळत राहा, यंत्रणेला तुमचेच निकाल दिसू द्या. मित्रासोबत रँकची मॅच खेळायचीच झाली तर त्याने त्याच्या खऱ्या अकाउंटवरून यावं. समोर तगडे लोक येतील आणि तुम्ही भरपूर मराल, पण कुणी फसवलं असं कुणाला वाटणार नाही. बरेच गेम रँकमध्ये फार अंतर असलेल्यांना एकत्र खेळूच देत नाहीत. मग रँक नसलेल्या मॅच आहेतच.

खासगी लॉबीत लागोपाठ तीन वेळा जिंकलात की एक सवलत काढून टाकायची. आधी जागा सांगणं बंद, मग पिस्तुलाऐवजी रायफल. सवलत काढायला सांगायचं तुम्ही, त्याने नाही.